डहाणूचे कापरेकर मास्तर आणि माझा ग्रुप थिअरीचा पेपर

मोबाईलमधलं कॅल्क्युलेटर उघडा आणि १ ला ७ ने भागा. स्क्रीनवर ०.१४२८५७१४२८५७ असं काहीतरी दिसेल. आता २ ला ७ ने भागा. ०.२८५७१४२८५७१४. अंक तेच सहा, त्यांचा क्रमही तोच, फक्त सुरुवात दुसऱ्या अंकापासून. ३, ४, ५, ६ घेऊन बघा. तेच सहा अंक गोल गोल फिरत राहतात.

ही गंमत बऱ्याच जणांना शाळेपासून माहीत असते. मलाही होती. पण तिचा कॉलेजमधल्या ग्रुप थिअरीशी थेट संबंध आहे हे मला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला कळलं, तेसुद्धा चाचणीत वीसपैकी चार मार्क पडल्यावर. आणि ते ज्यांच्यामुळे कळलं ते ना माझ्या कॉलेजचे प्राध्यापक होते, ना यूट्यूबवरचे सर. ते होते एक शाळामास्तर. माझ्या बोईसरपासून दोन स्टेशनांवर, डहाणूला जन्मलेले, आणि मी जन्मण्याच्या बऱ्याच आधी वारलेले.

त्यांचं नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. आज त्यांची गोष्ट सांगतो आणि सांगता सांगता ग्रुप म्हणजे काय तेही बघू. कागद-पेन जवळ ठेवा, लागेल.

चार नियम पाठ, अर्थ शून्य

मी रोज बोईसरहून पालघरला कॉलेजला जायचो. मध्ये फक्त उमरोळी, त्यामुळे गाडीत अभ्यास होईल असा वेळच मिळत नाही. तरी दारात उभं राहून मी ग्रुपची व्याख्या पाठ केली होती. एक संच घ्या, त्यावर एक क्रिया घ्या. पहिला नियम, संचातल्या दोन घटकांवर क्रिया केली की उत्तर संचातच राहिलं पाहिजे. दुसरा, कंस कुठेही घातला तरी उत्तर तेच आलं पाहिजे. तिसरा, काहीच न बदलणारा एक घटक हवा. त्याला आयडेंटिटी म्हणतात. चौथा, प्रत्येक घटकाला आपला इन्व्हर्स हवा, म्हणजे केलेलं पुसून टाकणारा जोडीदार.

झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी हे चारही नियम सांगितले असते. पण हेच चार का, पाच का नाहीत, आणि हे सगळं कशासाठी, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चाचणीत प्रश्न आला: १ ते ६ या संख्या, क्रिया अशी की गुणाकार करून ७ ने भागायचं आणि फक्त बाकी ठेवायची. हा ग्रुप सायक्लिक आहे हे दाखवा. मी व्याख्या लिहिली आणि उरलेलं पान कोरं ठेवलं.

त्याच आठवड्यात आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अमुक करा, शेवटी ६१७४ च येणार. हे आपल्या प्राचीन वेदांतलं गणित आहे, वगैरे. गंमत म्हणून मी दोन-तीन संख्या करून पाहिल्या. खरंच ६१७४ आलं. मग वेदांत हे नेमकं कुठे लिहिलंय ते शोधायला गेलो, तर वेद बाजूलाच राहिले आणि पुढे आलं डहाणू. हा शोध विसाव्या शतकातला आणि आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाचा! ज्याला हजारो वर्षांपूर्वीचं म्हणून फिरवत होते, त्याला तेव्हा शंभर वर्षंही झाली नव्हती. आणि ज्याने ते शोधलं त्याचं नाव त्या मेसेजमध्ये कुठेच नव्हतं.

डहाणू, ठाणे, पुणे

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा. पालघर जिल्हा २०१४ साली झाला. तेव्हा डहाणू ठाणे जिल्ह्यात होतं. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. पत्रिकेवर विश्वास असो-नसो, घरात सतत आकडे मांडले जात होते आणि ते खेळणं मुलाच्या हाती लागलं. दत्तात्रेय आठ वर्षांचा असताना आई गेली. पुढे वडिलांनीच वाढवलं.

माध्यमिक शिक्षण ठाण्याला झालं. तिथे असतानाच कोडी सोडवण्यात आणि हिशोबाच्या सोप्या वाटा शोधण्यात त्यांचे तासन्‌तास जायचे. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. तिथे असताना, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं, स्वतंत्र गणिती कामासाठी. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे म्हणजे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर झालेले, फर्ग्युसनचे गाजलेले प्राचार्य. त्यांच्या नावाचं बक्षीस मिळालेल्या मुलाने पुढे एम.ए. करावं, परदेशी जावं, प्राध्यापक व्हावं असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही. १९२९ साली बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवू लागले. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते शाळामास्तरच राहिले. पुढची कुठलीही पदवी नाही.

म्हणजे मी ज्या वर्गात बसून रडत होतो, त्या पातळीवर त्यांचं कॉलेजचं शिक्षण संपलं होतं. त्यापुढचं सगळं त्यांनी देवळालीत, शाळा सांभाळून, कागद-पेन्सिलीवर केलं.

एक किस्सा आम्हा लोकलवाल्यांना विशेष आवडेल. कापरेकरांनी एका प्रकारच्या संख्यांना डेम्लो संख्या असं नाव दिलं. १११ चा वर्ग करा: १२३२१. ११११ चा वर्ग: १२३४३२१. अशा डौलदार संख्या त्या कुटुंबातल्या. हे डेम्लो कुणा इटालियन गणितज्ञाचं नाव असेल असं मला वाटलं होतं. ते निघालं रेल्वे स्टेशन! त्या काळच्या जी.आय.पी. रेल्वेवरचं, मुंबईपासून तीसेक मैलांवरचं. आजचं डोंबिवली. ती कल्पना त्यांना तिथे सुचली, म्हणून नाव स्टेशनचं.

१/७ चं चाक

कापरेकरांच्या आवडत्या विषयांपैकी एक होता आवर्ती दशांश, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच अंक येणारे अपूर्णांक. त्यांच्या चक्रांवर त्यांनी १९५० साली स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापली. हा विषय त्यांनी पहिल्यांदा काढला असं नाही. जर्मन गणितज्ञ गाऊस याने १८०१ सालच्या आपल्या ग्रंथात या चक्रांचा विचार केला होता. पण कापरेकरांनी ती चक्रं हाताने भागाकार करून पाहिली, एकामागून एक. हे वाचलं आणि मीही तेच करायला बसलो. फोन उलटा ठेवला आणि चौथीत शिकवतात तसा १ ला ७ ने भाग दिला.

तुम्हीही करा. १ वर शून्य घ्या, १० झाले. ७ एके ७, बाकी ३. शून्य घ्या, ३०. सात चोक अठ्ठावीस, बाकी २. मग २० ची बाकी ६. ६० ची बाकी ४. ४० ची बाकी ५. ५० ची बाकी १. आणि आपण जिथून निघालो तिथे परत आलो.

कॅल्क्युलेटर फक्त भागाकार दाखवतो: १, ४, २, ८, ५, ७. बाकी तो दाखवत नाही. आणि सगळी मजा बाकीत आहे. बाकी अशी फिरते: १, ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. हे १ ते ६ हेच आकडे आहेत, चाचणीतले! शून्य घेणं म्हणजे १० ने गुणणं, आणि भाग देऊन बाकी ठेवणं म्हणजे ७ ने भागून बाकी ठेवणं. परीक्षेत विचारलेली क्रिया मी चौथीपासून करत होतो. फक्त तिला नाव नव्हतं.

आता चार नियम पुन्हा बघू. हे सहा आकडे गोल चाकावर मांडा, १ च्या जागेला शून्यावं घर म्हणा. ३ एक घर पुढे, २ दोन घरं पुढे, ६ तीन, ४ चार आणि ५ पाच घरं पुढे. या दुनियेत गुणाकार करणं म्हणजे घरं मिळवणं. ३ ला ५ ने गुणा: एक घर अधिक पाच घरं म्हणजे सहा घरं, चाक पूर्ण, परत १ वर. पडताळा घ्या: ३ पाचे १५, ७ ने भागून बाकी १. बरोबर!

म्हणजे चाकाबाहेर कुणी जात नाही, हा पहिला नियम. घरं कशीही गटाने मोजा, बेरीज तीच, हा दुसरा. जागचं हलू नका असं सांगणारा १, ही आयडेंटिटी. आणि जितके पुढे गेलात तितकं उरलेलं चाक फिरून परत यायची सोय, हा इन्व्हर्स. ३ चा जोडीदार ५, २ चा ४, आणि ६ स्वतःचाच जोडीदार. एका ३ ने पुन्हा पुन्हा गुणत गेलं की सगळे सहा आकडे मिळतात, म्हणून ३ हा जनरेटर आणि ग्रुप सायक्लिक. वीस मार्कांचा प्रश्न चौथीच्या भागाकारात सुटला.

१३ ची दोन चाकं

मग मला चेव आला आणि मी १ ला १३ ने भागलं. वाटलं होतं, बारा आकड्यांचं चाक मिळेल. मिळालं सहाचंच: १, १०, ९, १२, ३, ४ आणि पुन्हा १. अर्धे आकडे गायब! ते शोधायला २ ला १३ ने भागलं. २, ७, ५, ११, ६, ८ आणि पुन्हा २. उरलेले सगळे सहा इथे बसले होते.

म्हणून १/१३ हे ०.०७६९२३ असं येतं आणि २/१३ हे ०.१५३८४६ असं. दोन वेगळी चाकं, दोन्ही सहा-सहाची, एकही आकडा दोन्हींत नाही, एकही बाहेर राहिलेला नाही. वर्गात यालाच सबग्रुप आणि कोसेट म्हणत होते. पहिलं चाक सबग्रुप, कारण त्यात १ आहे. दुसरं त्याचं भावंड, कोसेट. सगळी भावंडं सारख्याच आकाराची असतात, त्यामुळे एका चाकाचा आकार एकूण संख्येला पूर्ण भाग देणारच. १३ च्या बाबतीत बाराला. पाचचं किंवा सातचं चाक इथे कधीच येणार नाही. लाग्रांजचं प्रमेय म्हणून जे मी नुसतं घोकलं होतं ते एवढंच आहे. ११ घ्या: चाक फक्त दोनाचं, १ आणि १०, म्हणून दहा आकड्यांची पाच चाकं होतात. १७ घ्या: सोळाच्या सोळा आकडे एकाच चाकात.

इथे एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. कापरेकर ग्रुप थिअरीवाले नव्हते. ते आकड्यांतले नमुने शोधणारे होते. हे असं का होतं, याचं सर्वसाधारण उत्तर ग्रुप थिअरी देते. पण उत्तराची भूक लागायला आधी प्रश्न समोर यावा लागतो. माझ्या वर्गात उत्तर आधी आलं होतं, प्रश्न आलाच नव्हता.

६१७४: इथून परत फिरता येत नाही

आता त्या फॉरवर्डकडे येऊ. कापरेकरांनी हा शोध १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. कृती अशी. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक एकच नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून छोटी वजा करा. आलेल्या उत्तरावर तेच करा.

त्यांचं जन्मसाल घेऊ, १९०५. ९५१० वजा ०१५९ बरोबर ९३५१. मग ९५३१ वजा १३५९ बरोबर ८१७२. पुढे ८७२१ वजा १२७८ बरोबर ७४४३. मग ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. आता ६१७४ वर तेच करा: ७६४१ वजा १४६७ बरोबर ६१७४. अडकलो. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही इथेच येता. या आकड्याला आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात. तीन अंकी संख्यांसाठी असाच आकडा आहे ४९५.

आता पालघर जिल्ह्याचं जन्मसाल घ्या, २०१४. ४२१० वजा ०१२४ बरोबर ४०८६. मग ८६४० वजा ०४६८ बरोबर ८१७२. थांबा! १९०५ सुद्धा दुसऱ्या पायरीला ८१७२ वरच आला होता. पुढची वाट दोघांची एकच.

मला चौथा नियम खरा समजला तो इथे. समजा मी तुम्हाला फक्त ८१७२ दिला आणि विचारलं, मी दोन पायऱ्या आधी कुठे होतो? तुम्ही सांगूच शकत नाही. १९०५ असेन, २०१४ असेन, आणखी कुठे असेन. दोन रूळ जंक्शनला एक झाले की नुसता पुढचा रूळ बघून गाडी कुठून आली ते कळत नाही. इथे मागे जाणारा इन्व्हर्स नाही. म्हणून ६१७४ ची कृती कितीही सुंदर असली तरी ग्रुपचा भाग होऊ शकत नाही.

गंमत म्हणजे तिची अर्धी कृती ग्रुपचीच आहे. चार वेगवेगळे अंक २४ प्रकारे मांडता येतात, आणि कुठलीही फिरवाफिरव उलटी फिरवता येते. तो शुद्ध ग्रुप आहे. अंक क्रमाने लावून मूळ क्रम विसरून जाणं आणि मग वजाबाकी, यात माहिती हरवते. १/७ चं चाक आणि ६१७४ चं गाळण, दोन्हींत आपण गोल फिरतो किंवा अडकतो असं वरवर दिसतं. पण एकात परतीचं तिकीट आहे, दुसऱ्यात नाही. ग्रुप म्हणजे परतीचं तिकीट असलेला प्रवास. पुस्तकात ही दोन उदाहरणं शेजारी शेजारी असती, तर माझे सोळा मार्क वाचले असते.

लोक हसायचे

कापरेकरांची गोष्ट इथे थोडी कडू होते. देशातल्या अनेक गणितज्ञांना त्यांचं काम क्षुल्लक वाटायचं. आकड्यांचे खेळ, त्यात खोल काही नाही, सिद्धता कुठे आहे, असा सूर असायचा. ते परिषदांना जायचे, आपले शोध सांगायचे, आणि लोक हसायचे. त्यांचे लेख फारशा नावाजलेल्या नसलेल्या नियतकालिकांत यायचे; उरलेलं ते स्वतः छापून वाटायचे. शिक्षकाच्या पगारात.

हसणाऱ्यांचं सगळंच चूक होतं असं मला म्हणता येत नाही. नमुना सापडणं आणि तो का आहे हे सिद्ध करणं यात फरक आहे, आणि गणितात दुसऱ्याची किंमत जास्त. पण पहिल्याची किंमत शून्य नाही. मी चार मार्कांवर होतो ते सिद्धता येत नव्हत्या म्हणून नाही. सिद्ध करण्यासारखं काही मी कधी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं म्हणून.

कापरेकर मात्र थांबले नाहीत. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ पुन्हा २९७. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. आपल्या अंकांच्या बेरजेने ज्यांना पूर्ण भाग जातो त्यांना त्यांनी हर्षद नाव दिलं, म्हणजे आनंद देणाऱ्या. निवृत्तीनंतर, १९६३ साली, त्यांनी स्वयंभू संख्यांवर पुस्तिका काढली. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते: १५ अधिक १ अधिक ५ बरोबर २१, म्हणून २१ चा जनक १५. पण २० ला असा जनकच नाही, ती स्वयंभू. आणि १०१ ला दोन जनक आहेत, ९१ आणि १००. अशा संख्येला त्यांनी नाव दिलं जंक्शन संख्या. वर मी ८१७२ ला जंक्शन म्हटलं, तो शब्द मी त्यांच्याकडूनच उचलला. रेल्वे त्यांच्या डोक्यातून कधी उतरलीच नाही बहुतेक.

१९६६ साली पत्नी वारल्या. निवृत्तिवेतन पुरेना. नाशिकला अगदी स्वस्तातल्या खोलीत राहूनही पुरेना. मग साठी ओलांडलेल्या या माणसाने गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या धरल्या.

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या प्रसिद्ध सदरात कापरेकरांवर लिहिलं. त्या सदराचे वाचक जगभर होते. सत्तरी गाठलेल्या देवळालीच्या मास्तरांचं नाव एकदम सगळीकडे पोचलं. तोपर्यंत त्यांची नोकरी, संसार, उमेद सगळं हसणाऱ्यांच्या काळातच उरकलं होतं. १९८६ साली ते गेले.

हे चाक तुमच्या खिशातही आहे

आता कुणी म्हणेल, हे सगळं छान, पण याचा उपयोग काय? उपयोग तुम्ही आज सकाळपासून कितीतरी वेळा केला असेल.

१७ चं सोळा आकड्यांचं चाक घेऊ. १ पासून निघून बाकी अशी येते: १०, १५, १४, ४, ६, ९, ५, १६, ७, २, ३, १३, ११, ८, १२ आणि शेवटी १. समजा तुम्हाला आणि तुमच्या मैत्रिणीला एक गुप्त आकडा ठरवायचा आहे, पण तुमचं सगळं बोलणं तिसरा ऐकतोय. तुम्ही मनात ३ धरा आणि चाकावर तिसऱ्या घरातला आकडा, १४, उघड पाठवा. ती मनात ५ धरते आणि पाचव्या घरातला ६ उघड पाठवते. आता तुम्ही तिचा ६ तीन वेळा घेऊन गुणा: २१६, आणि १७ ने भागून बाकी १२. ती तुमचा १४ पाच वेळा घेऊन गुणते, बाकी १२. दोघांकडे एकच आकडा, जो कुणीच पाठवला नाही. तो आहे चाकावर पंधराव्या घरात, कारण ३ पाचे १५.

ऐकणाऱ्याला १४ आणि ६ माहीत आहेत. पण ती घरं कितवी, हे त्याला चाक मोजूनच काढावं लागेल. सोळा घरं मोजणं सोपं आहे. सहाशेहून जास्त अंकांची मूळ संख्या घेतली तर आजच्या कुठल्याही संगणकाला ते चाक मोजून संपवता येत नाही. ही युक्ती डिफी आणि हेलमन या दोघांनी १९७६ साली प्रसिद्ध केली. कापरेकर तेव्हा हयात होते. त्यांचा या युक्तीशी संबंध नव्हता, पण चाक तेच.

आज तुमचं व्हॉट्सअ‍ॅप एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शनसाठी याच कल्पनेचा पुढचा अवतार वापरतं. तिथे बाक्यांऐवजी एका वक्ररेषेवरचे बिंदू असतात, पण चार नियम तेच आणि ग्रुपच. म्हणजे ज्या ग्रुपवर ते वेदांचं फॉरवर्ड आलं, ते फॉरवर्डही ग्रुप थिअरीच्या कुलपात बंद होऊनच आलं होतं!

पुढचं स्टेशन

मी पेपर पास झालो. फार मोठे मार्क नाहीत, पण यावेळी पान कोरं नव्हतं. ते फॉरवर्ड पाठवणाऱ्या मित्राला मी कापरेकरांचं नाव, डहाणू आणि १९४९ असं सगळं लिहून पाठवलं. त्याने अंगठा दाखवला आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी तेच फॉरवर्ड पुन्हा टाकलं. मीही माझा मेसेज पुन्हा टाकला. अजून टाकतो.

जाता जाता एक काम देतो. १ ला ९७ ने भागा. फोनवर नको, फोन थोड्या अंकांनंतर हात वर करतो. हाताने करा. चाक ९६ आकड्यांचं आहे, म्हणजे बोईसरहून विरारला जाईपर्यंत पुरेल. ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१, ९७ अशा मूळ संख्यांना एकच पूर्ण चाक असतं, १३ सारखी तुकड्यांची चाकं नसतात. अशा संख्या कधी संपतात की अनंत आहेत? अनंत असाव्यात असा अंदाज ज्या विधानावरून निघतो, ते एमिल आर्टिन याने १९२७ साली मांडलं. त्याच वर्षी पुण्यात कापरेकरांना परांजपे पारितोषिक मिळालं होतं. आर्टिनचा अंदाज आजपर्यंत कुणालाही पूर्ण सिद्ध करता आलेला नाही. चौथीच्या भागाकारातला प्रश्न आहे, आणि उत्तर अजून रिकामं आहे.

पुढच्या वेळी डहाणू लोकलमध्ये वाणगाव मागे पडून डहाणू रोड आलं, की एकदा कापरेकर मास्तरांची आठवण काढा. आणि खिशात पेन्सिल असू द्या.